दोन फटके

मेचा दुसरा आठवडा, कन्हानच्या अलीकडे
ग्रीन नावालाच ग्रीन.
भाकर टाकावी तर फुगून येईल.
डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा,
आणि खांद्यावर विराज सालपेकरची
चौदा काठ्यांची बॅग.

तेरावं होल. त्याचा चौथा फटका.
चेंडू भोकाच्या कानाशी काही बोलला
आणि थांबला नाही.
उताराला लागला, नाल्याकडे निघाला
सुटीची घंटा ऐकलेल्या पोरासारखा.
मी झेंडा धरून उभा.
विराज धावला.
गोल्फमध्ये कोणी धावत नाही हो,
म्हणून आधी सगळ्यांनी त्याचे पायच पाहिले.
तो चेंडूच्या पुढे गेला, वळला,
आणि चालत्या चेंडूला हाणून परत वर धाडलं.

टक्.
एवढासा आवाज.
बाभळीवरचा कोतवाल जागचा हलला नाही.

पंच आले. विराजने हसत दोन बोटं दाखवली.
"दंड नियमातच आहे ना? लिहा.
नाल्यात गेला असता तर दहा झाले असते. आठात सुटलो."
मग माझ्याकडे वळून,
"काऊन शेषराव, हिशोब चुकला का बे?"
हिशोब नव्हता चुकला.

आता मी काही साधू नाही.
बाराव्या वर्षी अनवाणी आलो या मैदानावर.
रेल्वेतले सान्याल साहेब,
त्यांचा चेंडू झुडपात गेला की
मी उजव्या अंगठ्याच्या बेचक्यात धरायचो
आणि आभाळाकडे पाहत
आठ-दहा पावलं चालायचो.
साहेब म्हणायचे, "वा, लक आहे आज!"
संध्याकाळी पाच रुपये जास्तीचे,
त्याचंही नाव लकच.
त्यांना माहीत होतं. त्यांना माहीत आहे हे मलाही माहीत होतं.
तरी दोघं मिळून आम्ही ते झाकून ठेवायचो,
घरातल्या वेड्या माणसासारखं.
नियम खोलीत आला की उठून उभे राहायचो.

ह्याला काय म्हणावं?
हा तर भर उन्हात, कॅमेऱ्यासमोर,
भाव विचारून माल घेऊन गेला.
व्हेरायटी चौकात लाल सिग्नल तोडून
"पावती फाडा ना साहेब, घाई आहे"
म्हणणारा पाहिला आहे मी.
पावती खरी. नोट खरी.
पण पट्ट्यांवर पाय टाकलेली बाई
पिशवी छातीशी धरून मागे उडी घेते,
ते कोणत्या पावतीत बसतं?

संध्याकाळी यादी लागली. विराज आत.
आमच्या मोहल्ल्यातला नौशाद एका फटक्याने बाहेर.
विराजमुळे नाही, स्वतःच्या सतराव्या होलमुळे.
मीच सांगत होतो हे सगळ्यांना.
नौशाद नळाखाली टोपी धूत होता,
पिळत होता, पुन्हा धूत होता.
विराजने ठरल्यापेक्षा दोनशे जास्त दिले.
घेतले मी. काऊन नाही घेणार?

सोमवारी मैदान रिकामं.
तेराव्यावर गेलो, चपला काठावर काढल्या.
खिशात तीन जुने चेंडू.
जिथून तो घसरला होता तिथून पहिला सोडला.
सरळ नाल्यात.
दुसरा सोडला.
तो कडेला जाऊन थांबला. तिथं दिवाळीपासून
पाइप गळतो, चार बोटं कोवळं गवत आहे.
हे मला आधीच ठाऊक होतं.
विराजने विचारलं नाही,
आणि धावणाऱ्याला हाक मारायची सवय
मला कोणी लावली नाही.

तिसरा सोडला.
ह्याच्यावरून ठरवणार होतो काय ते.
हळू निघाला. मी बाजूनं चाललो.
कड आली, आणि मला कळायच्या आत
माझा उजवा अंगठा त्याच्यावर होता.

चेंडू गरम होता.
आजूबाजूला चिटपाखरू नाही.
तरी मी आभाळाकडे पाहिलं.